सर्व्हरला विचारायचे प्रश्न

आरएफसी 1459 हा दस्तऐवज मे 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. यार्को ओइकारिनेन आणि डॅरेन रीड यांनी त्यात आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, या संभाषणाच्या जाळ्याचे नियम लिहून काढले. दस्तऐवज बराच मोठा आहे. त्यातला एक लहानसा विभाग सर्व्हरची चौकशी करणाऱ्या आज्ञांसाठी आहे आणि त्याच्या सुरुवातीलाच एक अट घातली आहे. जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक सर्व्हरने या चौकशीला उत्तर द्यायलाच हवे आणि ते खरे असायला हवे. उत्तर चुकीचे आले, किंवा आलेच नाही, तर तो सर्व्हर बिघडला आहे असे धरावे आणि दुरुस्त होईपर्यंत त्याला शक्य तितक्या लवकर जाळ्यातून तोडावे.

साऱ्या दस्तऐवजात मला ही अट सर्वांत मोलाची वाटते. संदेश कसा पाठवावा, टोपणनाव किती अक्षरांचे असावे, चॅनेलला कुलूप कसे लावावे, हे सगळे नियम लागतातच. पण एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी, वेगवेगळ्या देशांतल्या यंत्रांवर, पगाराशिवाय चालवलेले जाळे टिकून राहिले ते या अटीमुळे. कुणीही कुणालाही विचारू शकतो: तू कोणत्या आवृत्तीवर चालतोस, तुझ्या घड्याळात किती वाजले, तुझ्याशी कोण जोडलेले आहे, तुझी जबाबदारी कुणाकडे आहे? आणि समोरच्याने सांगायचे. पुढच्या प्रकरणांत ज्या आज्ञांची माहिती येईल, त्यांच्याकडे याच नजरेने पाहावे. सर्व्हर सांभाळणाऱ्याची ती हत्यारे आहेत, पण त्याआधी जाळ्यातल्या सर्वांनी एकमेकांना दिलेला तो शब्द आहे.

आयआरसीचा जन्म ऑगस्ट 1988 मध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात झाला. ओइकारिनेन तिथे संगणक विभागातला एक सर्व्हर सांभाळत होते आणि स्थानिक बुलेटिन बोर्डावरच्या गप्पांच्या जुन्या प्रोग्रॅमऐवजी काहीतरी बरे त्यांना हवे होते. 1989 च्या मध्यापर्यंत जगभर चाळीसेक सर्व्हर एकमेकांना जोडले गेले. त्यांतले बहुतेक विद्यापीठांत होते, आणि आज्ञांवर त्याचा ठसा आजही दिसतो. ‘अ‍ॅडमिन’ ही आज्ञा दिली की काय उत्तर यावे, हे दस्तऐवजात ओळीनिशी ठरवलेले आहे. आधी शहर, राज्य आणि देश, मग विद्यापीठ आणि विभाग, आणि शेवटी जबाबदार व्यक्तीचा ईमेल पत्ता. हा पत्ता सक्तीचा. सर्व्हर म्हटला की तो कुठल्या तरी विभागात असणार आणि त्याच्यामागे पत्ता असलेला माणूस असणार, हे त्या काळी गृहीत होते. आता सर्व्हर भाड्याच्या यंत्रावर चालतो, तो नेमका कुठल्या इमारतीत आहे हे चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. तरी ‘अ‍ॅडमिन’च्या उत्तरातला पत्ता जिवंत ठेवणे हे मी प्रत्येक सर्व्हरचालकाचे पहिले कर्तव्य मानतो. तिथे नमुना फायलीतला मजकूर तसाच सोडून देणारे बरेच जण आढळतात. अशा सर्व्हरकडून गैरवापर होत असेल तर तक्रार न्यायची कुणाकडे?

या प्रस्तावनेत आणि पुढेही आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. टंकताना मात्र ती रोमन लिपीतच द्यावी लागतात.

जाळ्याची रचना समजली की या आज्ञांचे कारण आपोआप समजते. आयआरसीचे सर्व्हर एकमेकांना झाडासारखे जोडलेले असतात. कोणत्याही दोन सर्व्हरांमध्ये एकच वाट असते, वेटोळे चालत नाही. एकाच सर्व्हरची ओळख दोन वाटांनी आली तर एक जोडणी तोडावी लागते. प्रत्येक सर्व्हरला जाळ्यातले सगळे लोक आणि, काही स्थानिक अपवाद सोडले तर, सगळे चॅनेल ठाऊक असतात. पण जी गोष्ट ज्या सर्व्हरच्या पोटात आहे, ती फक्त तोच सांगू शकतो. एखादा माणूस किती वेळ गप्प आहे, हे तो ज्या सर्व्हरवर बसला आहे त्यालाच कळते. म्हणून माणसाची माहिती विचारणाऱ्या ‘हूइज’ या आज्ञेत टोपणनाव दोनदा लिहायची पद्धत पडली. पहिल्या जागी लिहिलेले नाव ‘त्याच्याच सर्व्हरला जाऊन विचार’ असे सांगते, दुसरे ‘कोणाबद्दल’ ते सांगते. ‘व्हर्जन’, ‘टाइम’, ‘स्टॅट्स’, ‘इन्फो’ याही आज्ञांना पुढे सर्व्हरचे नाव जोडता येते. मग प्रश्न झाडावरून एकेक गाठ ओलांडत त्या सर्व्हरपर्यंत जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते.

उत्तर येते ते आकड्यांच्या खुणा घेऊन. प्रत्येक ओळीच्या आरंभी तीन अंकी क्रमांक असतो. लिंक्सच्या ओळीला 364, ती यादी संपल्याला 365, स्टॅट्स संपल्याला 219, तशा नावाचा सर्व्हरच नसेल तर 402, आणि तुम्हाला तो अधिकार नसेल तर 481. बहुतेक क्लायंट प्रोग्रॅम हे क्रमांक लपवून नुसता मजकूर दाखवतात. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ते दिसतील अशी सोय करून घ्यावी. समाप्तीची खूण विशेष पाहावी. आयआरसीतली एक ओळ शेवटच्या दोन चिन्हांसकट 512 बाइटांची, त्यामुळे लांब उत्तर नेहमी अनेक ओळींत येते. ओळी येता येता थांबल्या आणि समाप्तीची खूण आलीच नाही, तर यादी छोटी होती असे समजू नये. मधली वाट तुटली असण्याचीच शक्यता जास्त.

512 बाइटांची ही मर्यादा मराठीत लिहिणाऱ्याने मनात ठेवावी. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा आणि अनुस्वार वेगळे धरून. पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता वगळता जेमतेम दीडशे चिन्हांत ओळ भरते. स्वागताचा मजकूर किंवा ‘अ‍ॅडमिन’ची ओळ मराठीत लिहायला कसलीच हरकत नाही, मी तर तसे करावेच म्हणेन. फक्त ओळी आखूड ठेवाव्यात, नाहीतर शेवटचे अक्षर मधूनच कापले जाते आणि वाचणाऱ्याला चौकोन दिसतो.

सगळ्या चौकशीत ‘स्टॅट्स’ ही सर्वांत खोल. तिच्यापुढे एक अक्षर द्यायचे आणि त्या अक्षराप्रमाणे सर्व्हर आपल्या पोटातला एकेक कप्पा उघडतो. ‘सी’ दिले तर कोणकोणत्या सर्व्हरांशी जोडणी करायला परवानगी आहे ते कळते. ‘के’ म्हटले की कोणाला बंदी आहे ते, ‘ओ’ म्हटले की ऑपरेटर, म्हणजे जाळ्यावर विशेष अधिकार असलेला माणूस, कुठून होता येते ते. ‘यू’ने सर्व्हर किती दिवस अखंड चालू आहे ते समजते. ‘एम’ने कोणती आज्ञा किती वेळा वापरली गेली याचा हिशेब मिळतो. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरप्रमाणे अक्षरांचे अर्थ थोडे बदलतात, लहान आणि मोठ्या अक्षरांतही फरक पडतो, म्हणून पाठांतरावर विसंबू नये, आपल्या सर्व्हरची मदत फाईल वाचावी.

‘सी’चे उत्तर नुसती तांत्रिक यादी वाटते, पण आयआरसीतले पहिले मोठे भांडण तिथेच झाले. 1990 मध्ये बर्कलीच्या एका सर्व्हरने दार सताड उघडे ठेवले होते. पासवर्डशिवाय कोणीही आपला सर्व्हर आणून त्याला जोडावा. बाकीच्या अनेकांना ते पटले नाही. त्या सर्व्हरचे नाव एरिस होते आणि त्याला वगळून जे जाळे उभे राहिले ते ‘एरिस-फ्री’ म्हणून इएफनेट. कुणाला जोडून घ्यायचे याची यादी असावी, आणि ती विचारणाऱ्याला दिसावी, हे तेव्हापासून अंगवळणी पडले.

पण रोजच्या कामात मी सर्वांत जास्त भरवसा ठेवतो तो ‘एल’वर. हे अक्षर दिले की प्रत्येक जोडणीची एकेक ओळ येते. रांगेत किती मजकूर पडून आहे, किती संदेश आणि किती बाइट गेले, किती आले, आणि जोडणी किती सेकंद टिकली आहे. यातला पहिला आकडा, सेंडक्यू, डोळ्यांत तेल घालून पाहावा. समोरचा सर्व्हर घेतो त्यापेक्षा जास्त वेगाने मजकूर येऊ लागला की तो रांगेत साचतो. ‘वाय’ या अक्षराने दिसणाऱ्या जोडणीच्या वर्गात या रांगेची कमाल मर्यादा लिहिलेली असते. मर्यादा ओलांडली की सर्व्हर ती जोडणी तोडतो, आणि तुटण्याआधी काही वेळ हा आकडा चढताना दिसत असतो. लोकांना नुसती कुरबूर असते की उत्तरे उशिरा येतात. सर्व्हरचालकाला त्याच वेळी कोणती जोडणी गुदमरते आहे ते नावानिशी कळू शकते. पण त्याने विचारले तर!

जोडणी तुटली की नेटस्प्लिट. 1995 च्या 15 ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात लोकांसाठी इंटरनेट खुले केले आणि पुढे सायबर कॅफे आले. त्या दिवसांत ज्यांनी एमआयआरसी हा क्लायंट प्रोग्रॅम उघडून गप्पा मारल्या, त्यांना हे दृश्य आठवत असेल. चॅनेलमधली निम्मी माणसे एका क्षणात निघून जात आणि प्रत्येकाच्या निरोपाच्या जागी त्याच दोन सर्व्हरांची नावे उमटत. लोक रागावून गेलेले नसत, त्या दोन सर्व्हरांमधला धागा तुटलेला असे. पलीकडच्यांना वाटे की आपण गेलो. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या.

अशा वेळी काय विचारावे आणि कोणत्या क्रमाने, हाच या पुस्तकाचा गाभा आहे. आधी ‘एल-यूजर्स’. किती लोक, किती सर्व्हर, किती चॅनेल, आणि अजून ओळख न दिलेल्या किती जोडण्या, हे ती चार-पाच ओळींत सांगते. सर्व्हरांची संख्या रोजच्यापेक्षा कमी असेल तर फाटाफूट झाली. ओळख न दिलेल्या जोडण्या एकाएकी वाढल्या असतील तर दुखणे वेगळे आहे, कोणीतरी दारावर गर्दी करते आहे. मग ‘लिंक्स’ किंवा ‘मॅप’. झाडाची आजची आकृती पाहून कोणती फांदी गायब आहे ते ओळखायचे. ‘लिंक्स’मध्ये प्रत्येक सर्व्हर किती गाठी दूर आहे तेही येते. नेहमी दोन गाठींवर असणारा सर्व्हर चारवर गेला असेल तर कोणीतरी त्याला दुसऱ्या वाटेने जोडले आहे. ‘ट्रेस’ने वाटेतला प्रत्येक सर्व्हर स्वतःचे नाव सांगतो, त्यामुळे प्रश्न कुठपर्यंत पोचतो आणि कुठे अडतो ते कळते. त्यानंतर ‘स्टॅट्स’चे ‘सी’ आणि ‘एल’. एवढे झाल्यावरच ‘कनेक्ट’.

शेवटचा शब्द मी मुद्दाम ठळक करतो आहे. ‘कनेक्ट’, ‘एस-क्विट’, ‘किल’ या करण्याच्या आज्ञा आहेत आणि ऑपरेटरचा अधिकार हाती आला की माणसाचे हात त्यांच्याकडे धावतात. पण दोन सर्व्हर पुन्हा जोडले जाताना दोन्हीकडची सारी माहिती, प्रत्येक माणूस आणि प्रत्येक चॅनेल, एकदम ओतली जाते. मुळात वाट अरुंद म्हणून तुटली असेल तर त्या लोंढ्याने ती पुन्हा तुटते, आणि हजारो लोकांना ये-जा सोसावी लागते. दोन ऑपरेटरांनी दोन टोकांवरून घाईने जोडणी केली तर वेटोळे होऊन आणखी काही तुटते. विचारायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट ज्याला काढता येत नाही, त्याने ऑपरेटर होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

‘टाइम’ ही आज्ञा नवशिक्यांना निरुपयोगी वाटते. घड्याळ तर प्रत्येकाकडे असते! पण फाटाफुटीच्या काळात रिकाम्या पडलेल्या बाजूला एखादा चॅनेल नव्याने उघडून त्याचा मालक व्हायचे, आणि जाळे जुळले की तो हक्क घेऊन खऱ्या लोकांना बाहेर काढायचे, हा जुना उद्योग. त्यावर टाइमस्टॅम्प हा उपाय निघाला. 1992 च्या सुमारास सुरू झालेल्या अंडरनेटने तो आधी अवलंबला. दोन्ही बाजूंचा चॅनेल कधी जन्मला ते पाहायचे आणि जो जुना त्याचे हक्क राखायचे. आता सारा न्याय घड्याळावर आला. एखाद्या सर्व्हरचे घड्याळ मागे असेल तर तिथे आत्ता उघडलेला चॅनेलही जुना ठरतो आणि खरा मालक बेदखल होतो. म्हणून आजचे सर्व्हर जोडताना वेळ ताडून पाहतात आणि फरक जास्त असेल तर जोडणीच नाकारतात. टाइमस्टॅम्प बरा, की फाटाफुटीनंतर नाव आणि चॅनेल काही काळ कोणालाही न देणे बरे, या वादाचा जुलै 1996 च्या मोठ्या फुटीत मोठा वाटा होता. त्यातून इएफनेट आणि प्रामुख्याने युरोपातले आयआरसीनेट वेगळे झाले. दोन्ही जाळी पुढेही चालू राहिली, आपापल्या पद्धतीने.

आता सेवांकडे वळू. निकसर्व्ह आणि चॅनसर्व्ह हे बोलणारे प्रोग्रॅम 1994 मध्ये उभ्या राहिलेल्या डालनेटमुळे घराघरांत पोचले. टोपणनावाची आणि चॅनेलची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. तांत्रिकदृष्ट्या ते सर्व्हर म्हणूनच जाळ्याला जोडले जातात. म्हणजे ‘लिंक्स’मध्ये त्यांचेही नाव असते, आणि त्यांची जोडणी तुटली तर नोंदी सुरक्षित राहूनही त्यांची अंमलबजावणी थांबते. धोका तिथेच आहे. सेवा गायब असताना कोणी ‘निकसर्व्ह’ हेच टोपणनाव घेऊन बसला, तर लोक भाबडेपणाने त्याला पासवर्ड पाठवतात. यासाठी डालनेटने सेवांना निरोप धाडताना नावापुढे सर्व्हरचा पत्ता लिहायला लावले, आणि आता बहुतेक जाळी अशी नावे कोणालाच घेऊ देत नाहीत. तरीही शंका आली की ‘हूइज’ करावे आणि समोरचा कोणत्या सर्व्हरवर बसला आहे ते पाहावे.

सेवांना स्वतःचेही प्रश्न विचारता येतात. निकसर्व्हला ‘इन्फो’ विचारले की नाव कधी नोंदले आणि शेवटचे कधी दिसले ते मिळते. चॅनसर्व्ह चॅनेलचा संस्थापक सांगतो. ऑपरेटरांसाठी वेगळे प्रश्न असतात. या उत्तरांमागे लोकांची वर्षानुवर्षांची ओळख उभी असते. मे 2021 मध्ये फ्रीनोड या जाळ्याच्या मालकीवरून वाद पेटला, तिथले स्वयंसेवक बाहेर पडले आणि 19 मे रोजी लिबेरा चॅट सुरू झाले. उबंटू, फेडोरा, विकिमीडिया यांसारखे प्रकल्प तिकडे गेले. जूनमध्ये फ्रीनोडने सॉफ्टवेअर बदलले आणि जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत आल्या नाहीत. ज्यांनी कित्येक वर्षांपूर्वी नाव नोंदले होते, त्यांना ते नाव नोंदलेले नाही असे उत्तर मिळू लागले. यंत्राचे उत्तर खोटे नव्हते. पण जाळे कोणाचे आहे आणि उद्या कोण चालवणार, हे विचारायला एकही आज्ञा नाही.

आरएफसीतली ती अट आज जशीच्या तशी पाळली जात नाही, हेही सांगायला हवे. जानेवारी 2001 मध्ये अंडरनेटवर पुराच्या हल्ल्यांचा मारा झाला. हल्लेखोर ‘लिंक्स’ आणि ‘मॅप’ पाहूनच झाडातली मोक्याची गाठ शोधत आणि तिच्यावर नको त्या मजकुराचा लोंढा सोडत. त्यानंतर अंडरनेटने सामान्य माणसाला जाळ्याची आकृती दाखवणे बंद केले. ‘हूइज’मध्ये खऱ्या सर्व्हरऐवजी सगळ्यांना एकच सामायिक नाव दिसू लागले. इतर जाळ्यांनीही आपापल्या परीने पडदे टाकले. कुठे नेटस्प्लिटच्या निरोपातून सर्व्हरांची नावे गेली, कुठे ‘स्टॅट्स’ची बहुतेक अक्षरे ऑपरेटरांपुरती उरली, कुठे बंदीच्या यादीतली फक्त स्वतःला लागू होणारी ओळ दिसू लागली.

हे करणे भाग होते. विद्यापीठांच्या एका छोट्या वर्तुळासाठी केलेला नियम लाखो अनोळखी लोकांत तसाच चालला नसता. पण त्यात काहीतरी गमावले, असे मी ठामपणे म्हणेन. पूर्वी एखादा जिज्ञासू विद्यार्थी नुसते प्रश्न विचारून पूर्ण जाळे समजून घेई आणि त्यातूनच उद्याचा सर्व्हरचालक घडे. आता त्याला 481 हा क्रमांक दिसतो. म्हणून पडदा टाकताना प्रत्येक प्रश्नाचा वेगळा विचार करावा. आकृती लपवा. बंदीची पूर्ण यादी लपवा. ‘अ‍ॅडमिन’, ‘व्हर्जन’, ‘टाइम’ मात्र उघडे ठेवा. आणि एखाद्याला बंदी घातली असेल तर त्याला लागू असलेली ओळ, कारणासकट, त्याला वाचता यायला हवी. कारण न सांगता दार बंद करणाऱ्या जाळ्यावर लोक फार काळ राहत नाहीत.

एक शेवटची सूचना. या आज्ञा चालत्या जाळ्यावर शिकू नयेत. काही चौकश्या सर्व्हरला महाग पडतात, आणि पुन्हा पुन्हा विचारल्या तर तो 263 क्रमांकाने ‘थोड्या वेळाने या’ असे सांगतो. आपल्याच संगणकावर दोन सर्व्हर वेगवेगळ्या पोर्टांवर चालवा, ते एकमेकांना जोडा, दोन्हीकडे एकेक टोपणनाव घेऊन बसा. मग एका टोकावरून ‘एस-क्विट’ देऊन जोडणी तोडा, दोन्ही बाजूंनी ‘एल-यूजर्स’ आणि ‘लिंक्स’ विचारा, आणि आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. पहिले प्रकरण तिथून सुरू होते.